पालकांसह हजर राहावे

एकांबरम सर वयाच्या चोपन्नाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी झाले आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांना घरी पळून जावंसं वाटलं. तंत्रनिकेतनाच्या कॉम्प्युटर विभागात, फळ्यापाशी, हजेरीपट हातात घेऊन जी बाई उभी होती ती कयलविळी होती.

आता कयलविळी ही काही कुणाला भीती वाटावी अशी बाई नव्हती. ठेंगणी, चष्मा लावणारी, वेणीत मोगऱ्याचा गजरा. पण हीच कयलविळी दहावीच्या सुट्टीत एकांबरम सरांच्या श्री कुमरन टंकलेखन विद्यालयात टायपिंग शिकत होती, आणि तिची नजर सारखी अक्षरांकडे जाते म्हणून सरांनी तिच्या हातांवर पंचा टाकून तिला महिनाभर आंधळं टाइप करायला लावलं होतं. शिवाय लाकडी पट्टी होतीच. मन्नारगुडीत गेली पंचवीस वर्षं ज्याला ज्याला सरकारी नोकरीची आशा होती, त्याच्या त्याच्या बोटांची आणि त्या पट्टीची ओळख होती.

"एकांबरम के.," कयलविळीने नाव पुकारलं.

सर ताडकन उभे राहिले. "हजर, मॅडम!"

त्यांच्या शेजारी बसलेला बस कंडक्टर सहायराज हळूच म्हणाला, "अण्णा, बसूनच म्हणायचं असतं."

पण सर उभेच. हजेरीपटावरून वर आलेली कयलविळीची नजर त्यांच्यावर जितका वेळ टिकली, तितक्या वेळात त्यांना तो पंचा, ती पट्टी आणि स्वतःचा त्या काळचा आवाज असं सगळं आठवून गेलं. ती म्हणाली, "बसा," आणि पुढचं नाव घेतलं. सरांच्या मते यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं. राग दाबून ठेवणारी माणसं फार भयंकर असतात, असं त्यांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं.

"तिला आठवतही नसेल," सोर्णम इडलीच्या साच्याला तेल लावत म्हणाली.

"आठवत नसेल? मी तिला महिनाभर पंच्याखाली ठेवलंय!"

"मग आठवत असेल," सोर्णम म्हणाली. नवऱ्याला धीर देण्याची तिची पद्धत ही अशी होती.

सर या फंदात पडले ते शेजारच्या वैद्यलिंगम यांच्यामुळे. वैद्यलिंगम निवृत्त तहसीलदार. त्यांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण ते खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. रोज सकाळी ओट्यावर कॉफीचा टंबलर घेऊन ते गल्लीचा कारभार बघत. एके दिवशी त्यांनी कुंपणावरून सांगितलं, "एकांबरम, नवा नियम येतोय. टंकलेखन संस्था चालवणाऱ्याकडे कॉम्प्युटरची पदविका नसेल तर मान्यता रद्द."

सर त्याच दिवशी तंजावरच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने सांगितलं, "असा नियम आलेला नाही."

"म्हणजे येणार नाही?"

"येणार नाही असं मी कुठे म्हटलं?" कारकून म्हणाला आणि जेवायला गेला.

येणार नाही असं जोवर लेखी मिळत नाही, तोवर नियम येणारच, हे सरांच्या मनाने घेतलं. ते मुळातच भित्रे. आयुष्यात त्यांना एकाच खोलीत भीती वाटत नसे, ती म्हणजे टायपिंगच्या यंत्रांची खोली. तिथे सगळं आधीपासून ठरलेलं होतं. करंगळीची अक्षरं कोणती, अंगठ्याचं काम काय, ओळ संपली की घंटी. त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर मात्र पोस्टमनपासून पुढे सर्वांची त्यांना धास्ती. आणि ही खोलीच कुणी काढून घेतली तर? त्या विचाराने त्यांनी दीड वर्षाच्या संध्याकाळच्या पदविकेला नाव घातलं.

अभ्यास तसा त्यांना जमला. कॉम्प्युटरला एखादा स्वल्पविराम कमी पडला की तो काम बंद करतो, ही गोष्ट बाकीच्या वर्गाला जाचक वाटे. सरांना ती मनापासून पटली. ते स्वतः असेच होते. त्यांची बोटं तर अशी चालत की सगळा वर्ग मागे वळून बघे. तरीही परीक्षेच्या वेळी खिडकीतून कयलविळी मॅडम जाताना दिसल्या की त्यांच्या मनात एकच धास्ती उभी राही. टाइप करताना नजर अक्षरांकडे गेली तर? चोपन्न वर्षांचा माणूस मान ताठ ठेवून, छताकडे पाहत परीक्षा देत असे.

शेवटच्या सत्रात प्रकल्प आला. मॅडमनी बजावलं, "पुस्तकातला नको. रोज खरं काम करेल असा प्रोग्राम हवा. बाहेरचे परीक्षक येतील. त्यांच्यासमोर चालला पाहिजे."

सरांनी त्यातल्या त्यात लहानातली लहान कल्पना शोधली. विद्यालयात सकाळच्या तुकड्यांत जो विद्यार्थी आला नाही, त्याच्या फोनवर आपोआप निरोप जावा, 'आज आला नाहीत.' बस. एवढंच. सहायराजने तर बसची तिकिटं, फेऱ्या आणि डिझेल असं सगळं घेतलं होतं. तो म्हणाला, "अण्णा, तुमचं फारच छोटं होतंय." सर म्हणाले, "छोटंच बरं. मोठं झालं की त्यात चुका लपायला जागा होते."

हे त्यांचं वाक्य फार शहाणपणाचं होतं. फक्त त्यांनी ते वैद्यलिंगम यांना ऐकवायला हवं होतं.

पहिली अडचण आली निरोपाची. फोनवर आपोआप निरोप पाठवायचे तर त्याचा मजकूर आधी फोन कंपनीकडून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि एकदा मंजूर झाला की त्यात काना-मात्राही बदलता येत नाही. सरांनी लिहिलं, 'कृपया वर्गाला येत जा.' परत आला. शेरा होता, 'जाहिरात वाटते.' मग लिहिलं, 'आपण आज दिसला नाहीत, काळजी वाटली.' तोही परत. शेरा, 'हेतू संशयास्पद.' हा शेरा वाचून सरांचे कान लाल झाले. आपण आजवर कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही, आणि आता हे!

"आण इकडे," वैद्यलिंगम म्हणाले. "सरकारी भाषेत मायेला जागा नसते." त्यांनी डोळे मिटले, दोन बोटं कपाळावरच्या भस्माला लावली आणि एका दमात सांगितलं, "आपण आज वर्गास गैरहजर होता. उद्या सकाळी ठीक सात वाजता पालकांसह हजर राहून गैरहजेरीचे कारण समक्ष सांगावे. हुकुमावरून."

"हुकूम कुणाचा?" सरांनी घाबरत विचारलं.

"ते कुणी विचारत नाही. तीच तर गंमत आहे."

मजकूर तासाभरात मंजूर झाला, आणि प्रत्येक निरोपाखाली विद्यालयाचं नाव आपोआप लागेल असंही कंपनीने कळवलं.

यश मिळताच वैद्यलिंगम यांनी प्रकल्पाचा ताबाच घेतला. विद्यालयाला पंचवीस वर्षं होतायत ना? मग रौप्यमहोत्सव नको? जुन्या विद्यार्थ्यांना आमंत्रण नको? त्यांचेही नंबर यात घालून ठेव, नंतर आमंत्रणाचा मजकूर मंजूर करून घेऊ. सर म्हणाले, आत्ता कशाला, प्रकल्प होऊ द्या. तर वैद्यलिंगम म्हणाले, "परीक्षक विचारतील, किती माणसांसाठी केलंय? काय सांगणार, चाळीस? लाज वाटेल." परीक्षक काही विचारतील, हे ऐकताच सर कबूल झाले. पुढचा आठवडा त्यांनी जुन्या दप्तरांतून आणि ओळखीपाळखीतून नंबर जमवण्यात घालवला. शेवटी सोर्णम म्हणाली, "माझ्या भावाचाही घाला. तोही कुठे येतो आपल्याकडे?"

तोही घातला.

प्रकल्पाच्या सादरीकरणाला दोन दिवस उरले होते. दुपारच्या तुकड्या यायच्या होत्या. यंत्रं झाकणाखाली झोपली होती. सरांनी सकाळची हजेरी कॉम्प्युटरला दिली. दोनच मुलं आली नव्हती. वैद्यलिंगम पाठीमागे उभे राहून पाहत होते. कॉम्प्युटरने विचारलं, 'नक्की पाठवायचे?' हा प्रश्न सरांनीच प्रोग्राममध्ये घातला होता. खरं तर त्यांनी तो लागोपाठ तीनदा घातला होता, पण कयलविळी मॅडमनी दोन काढायला लावले होते.

सरांनी 'होय' दाबलं.

पडद्यावर पहिलं नाव आलं. बरोबर. दुसरं नाव आलं. बरोबर. सरांनी सुटकेचा श्वास घेतला. आणि तिसरं नाव आलं. मग चौथं. मग नावं अशी धावायला लागली की वाचताही येईनात. कॉम्प्युटरची काहीच चूक नव्हती. त्याला सांगितलं होतं, यादीतला जो आज हजर नाही त्याला निरोप पाठव. यादी पंचवीस वर्षांची होती. ती सगळी माणसं आज गैरहजर होती. काही तर वीस वर्षांपासून.

"मुत्तुकरुप्पन," वैद्यलिंगम यांनी धावत्या नावांतून एक पकडलं. "हा म्हणजे आपल्या पोलीस ठाण्याचा इन्स्पेक्टर मुत्तुकरुप्पन?"

सरांनी झेप घालून भिंतीतली पिन उपटली.

नावं धावतच राहिली.

"बॅटरी," वैद्यलिंगम म्हणाले. "लॅपटॉप आहे तो."

सरांनी यंत्रावरचं एक झाकण ओढून लॅपटॉपवर टाकलं. त्याचा उपयोग नाही हे त्यांना कळत होतं, पण निदान दिसायचं तरी बंद झालं. झाकण काढलं तेव्हा पडद्यावर लिहिलेलं होतं, 'सर्व निरोप पोहोचले.' शेवटचं नाव होतं कयलविळी.

त्यांना पहिल्यांदा सुचलं ते हे, की लगेच दुसरा निरोप पाठवावा, चुकून झालं, माफी असावी. त्यांनी माफीचा मजकूर कंपनीला पाठवला. उत्तर ताबडतोब आलं. मंजुरीस तीन दिवस लागतील.

एवढ्यात फोन वाजू लागला. सर घरी धावले आणि तो त्यांनी तांदळाच्या पिंपात खोल खुपसला. पण सोर्णम मापटं घेऊन तांदूळ काढायला गेली तेव्हा तांदूळ गुरगुरत होते. तिने हात घालून फोन काढला आणि कानाला लावला.

"भाऊ आहे," तिने फोनवर हात ठेवून सांगितलं. "विचारतोय, हुकूम कुणाचा?"

"मी नाही म्हणून सांग!"

"तुम्ही नाही म्हणून सांगू की हुकूम तुमचा नाही म्हणून सांगू?"

सर देवघरात जाऊन बसले.

वैद्यलिंगम यांना आता कायद्याचं स्फुरण चढलं. "पोलीस अधिकाऱ्याला हजर राहण्याचा हुकूम फक्त न्यायालय काढू शकतं," ते दाराच्या चौकटीत उभे राहून म्हणाले. "तू त्याला पालकांसह बोलावलंस. आता हे गंभीर आहे."

"मजकूर तुमचा होता!"

"मसुदा माझा. अंमलबजावणी तुझी. खात्यात जबाबदारी अंमलबजावणीची धरतात." आणि मग आवाज मऊ करून त्यांनी सल्ला दिला, "दवाखान्यात भरती हो. छातीत दुखतंय म्हण."

"दुखतंयच," सर म्हणाले.

त्या संध्याकाळी सर कॉलेजला गेले नाहीत. दीड वर्षात त्यांचा एकही वर्ग बुडाला नव्हता. त्यांना वाटलं, कयलविळी मॅडमनी निरोप वाचला असणार. पालकांसह! ज्या बाईच्या हातात आपला निकाल, तिला आपण दम भरला. वर्ग सुटल्यावर सहायराजचा फोन आला. सोर्णमने तो बळेच त्यांच्या कानाला लावला.

"अण्णा, तुम्ही नाही आलात?"

"मॅडम काही म्हणाल्या?"

"हजेरी घेतली. तुमच्या नावाशी थांबल्या. एकदा फोनकडे बघितलं."

"मग?"

"मग काही नाही. फोन पर्समध्ये ठेवला आणि शिकवायला लागल्या."

'काही नाही' हे ऐकून सरांची पाचावर धारण बसली. जेवताना त्यांनी सांबार भातावर घ्यायचं ते पाण्याच्या टंबलरमध्ये वाढून घेतलं.

त्यांनी बेत केला होता की सकाळी लवकर जाऊन विद्यालयाच्या दाराला 'आज सुट्टी' असा फलक लावायचा आणि वेळांकण्णीची बस धरायची. धर्म त्यांचा वेगळा असला तरी वेळांकण्णीच्या चर्चमधल्या माउलीला कुणीही शरण गेलेलं चालतं, असं सहायराजने त्यांना कधीतरी सांगितलं होतं. काखेत फलक, डोक्यावरून पंचा, अशा वेशात ते गल्लीच्या वळणावर आले आणि जागीच थबकले.

विद्यालयासमोर स्कूटरींची रांग लागली होती. मोटारसायकली, दोन मोटारी, एक शाळेची व्हॅन. आणि भिंतीला पाठ लावून, यंत्रावर बसण्यासाठी तुकडी बदलताना मुलं उभी राहत अगदी तशी, माणसं उभी होती. पोट सुटलेली, टक्कल पडलेली, चष्मे लावलेली. प्रत्येकाजवळ एकेक म्हातारं माणूस होतं. कुणाचे वडील काठी टेकून, कुणाची आई खुर्चीवर, कारण उभं राहवत नव्हतं म्हणून मुलाने घरूनच खुर्ची आणली होती.

सरांना वाटलं, हे आपल्याला मारायला आलेत आणि साक्षीदार बरोबर आणलेत. ते वळणार तोच कुणीतरी म्हणालं, "सर आले!"

रांग सरळ झाली. बोलणं थांबलं. एकाने पानाची पिंक मारायची ती गिळली.

सरांचे पाय आपोआप दाराकडे गेले, कारण किल्ली त्यांच्याकडे होती. कुलूप उघडताना त्यांच्या हातून ती दोनदा पडली. दुसऱ्यांदा ज्या माणसाने वाकून ती उचलून दिली तो इन्स्पेक्टर मुत्तुकरुप्पन होता. गणवेश नाही, पांढरी वेष्टी नेसलेला, केस ओले करून विंचरलेला.

"सर," तो खालच्या आवाजात म्हणाला, "बंदोबस्त होता."

"काय?"

"गैरहजेरीचं कारण. बंदोबस्त होता."

सरांना वाटलं, हा आपली थट्टा करतोय आणि थट्टा संपली की बेडी काढेल. ते पुटपुटले, "मुत्तु... इन्स्पेक्टरसाहेब, ती चूक... कॉम्प्युटरने..."

"चूक असणार हे कळलं होतं, सर," मुत्तुकरुप्पन म्हणाला. "काल सगळं ठाणं हसलं. मीही हसलो. पण सकाळी जाग आली, म्हटलं जायला नको. तरी आंघोळ केली. मग आईला उठवलं. सात वाजता म्हटल्यावर... काय करणार? पट्टी आहे का अजून?"

मागून त्याची आई खरखरीत आवाजात म्हणाली, "सर, याचा कान पिळा बघू. घरीसुद्धा ऐकत नाही. रात्री दोन दोन वाजता येतो."

"अम्मा!" इन्स्पेक्टर म्हणाला.

रांगेत हशा पिकला आणि ताण सैल झाला. मग एकेक जण पुढे येऊन कारण सांगू लागला. कुणी म्हणे सिंगापूरला नोकरी होती, कुणी म्हणे सर, मी पास होऊनच गेलो होतो, पण वडील म्हणाले तरी चल. बँकेतल्या एका अधिकाऱ्याचे वडील कानाने अधू होते. त्यांना वाटलं मुलाला बक्षीस आहे, ते सरांना हार घालून मोकळे झाले. सर हार गळ्यात, फलक काखेत, असे उंबऱ्यावर उभे राहून प्रत्येकाला मान हलवत होते. त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न घुमत होता. ही माणसं घाबरतात? मला?

पंचवीस वर्षं ते या गावातून भिंतीकडेने चालले होते. ठाण्यासमोरून जायला नको म्हणून देवळाच्या तळ्याला वळसा घालून जात होते. आणि हा इन्स्पेक्टर आतापर्यंत त्यांना बघून दुसऱ्या रस्त्याला वळत होता, हे त्याने आत्ता स्वतःच सांगितलं.

मग रांग पुढे सरकली आणि एक बाई समोर आली. चाळिशीच्या आसपास, साधी सुती साडी, हाताला शिवणाच्या सुया टोचल्याच्या खुणा. तिच्याबरोबर एक वाकलेला म्हातारा होता, तो मान वर करत नव्हता.

"पूंगोडी," ती म्हणाली. "सकाळची तुकडी. खिडकीपाशी बसायची."

सरांना चेहरा आठवेना, पण खिडकीपाशी लय धरून वाजणारं एक यंत्र आठवलं. फार चांगली बोटं होती ती. परीक्षेच्या महिनाभर आधी ते यंत्र एकदम थांबलं होतं.

"कारण सांग," सर म्हणाले. एवढ्या जणांना मान हलवून त्यांच्या तोंडाला ते वळण पडलं होतं.

"लग्न ठरवलं, सर. परीक्षेच्या आत."

कुणी हसलं नाही.

"काल निरोप आला तेव्हा मी मशीनवर होते, शिवणाच्या," ती म्हणाली. "मला वाटलं कुणीतरी मस्करी करतंय. मग अप्पांना वाचून दाखवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं, का आली नाहीस म्हणून. तर म्हटलं, ज्यांना कारण माहीत आहे त्यांना घेऊनच जावं."

म्हातारा हात जोडायला गेला, पण काठी सुटेना म्हणून एकच हात वर झाला. "सर, चूक माझी. ती येत होती. मीच नको म्हटलं."

सर तिला काय सांगणार होते? त्या वेळी त्यांनी एकदाही तिच्या घरी जाऊन विचारलं नव्हतं. तिच्या वडिलांची भीती वाटली होती. गल्लीतला धिप्पाड, मोठ्या आवाजाचा माणूस होता तो तेव्हा. हाच.

"खिडकीचं यंत्र मोकळं आहे," सर म्हणाले. आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "ऑगस्टची परीक्षा देता येईल. बस."

"आत्ता?"

"वेळेवर आलीस ना? मग?"

ती आत गेली. झाकण काढल्याचा आवाज आला, कागद रुळावर चढवल्याचा आवाज आला, आणि मग अडखळत, चुकत, थांबत एकेक अक्षर उमटू लागलं. बाहेर रांगेतले मोठे मोठे अधिकारी, शिक्षक, दुकानदार कान देऊन ऐकत होते. मुत्तुकरुप्पनची बोटं वेष्टीच्या काठावर नकळत चालू लागली होती.

रांगेच्या अगदी टोकाला, स्कूटर लावून, आपल्या वडिलांचा हात धरून कयलविळी मॅडम उभ्या होत्या.

इतका वेळ कशीबशी तग धरून असलेली सरांची सगळी हिंमत तिथेच आटली. मॅडम शांतपणे पुढे आल्या. "काल दिवसभर कॉलेजात तास होते, सर. इथे यायला जमलं नाही," त्या म्हणाल्या. वडिलांनी नमस्कार केला. सरांनी मॅडमना नमस्कार केला. मॅडमनी परत केला. हे बराच वेळ चाललं असतं, पण मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "संध्याकाळी या. लॅबमध्ये."

दिवसभर सरांना अन्न गेलं नाही. वैद्यलिंगम मात्र ओट्यावर खुशीत होते. सकाळी एवढे अधिकारी दारावरून गेल्याने आपल्या मसुद्याचा प्रभाव अजून ओसरला नाही, याची त्यांना खात्री पटली होती. रौप्यमहोत्सव झाल्यातच जमा आहे, असं त्यांनी जाहीर केलं.

लॅबमध्ये मॅडम एकट्याच होत्या. त्यांनी सरांचा प्रोग्राम उघडून ठेवला होता.

"एकांबरम," त्या म्हणाल्या. लॅबमध्ये सर नव्हते, हजेरीपटावरचं नाव होतं. "अट चुकलीये. हजर नाही तो गैरहजर, असं नसतं. सध्या शिकतोय आणि हजर नाही, तो गैरहजर. कुठल्या वर्षाचा विद्यार्थी, हे तुम्ही विचारलंच नाहीत."

"चूक झाली, मॅडम."

"आणि काल वर्गाला आला नाहीत."

"घाबरलो होतो."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "सर, तुम्हाला माहीत आहे? त्या सुट्टीत रोज सकाळी तुमच्या दारापाशी येण्याआधी मी सायकलींच्या मागे जाऊन उलटी करायची. रोज."

सरांनी मान खाली घातली. असं काही होत असेल हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ते म्हणाले, "आता मी तुमच्या वर्गाआधी दोनदा बाथरूमला जाऊन येतो."

मॅडमना हसू आवरेना. त्या हसल्या आणि त्यांना हसताना पाहून सरांना जास्तच भीती वाटली, पण मग त्यांनाही हसू फुटलं. दोघं थोडा वेळ हसत राहिले. पॅसेजमधून जाणारा शिपाई दारात थांबून बघून गेला.

मग मॅडमनी चष्मा चढवला आणि आवाज पूर्ववत केला. "चला. बसा आणि अट दुरुस्त करा. वर्ष घाला. आणि हो, दोन 'नक्की' मी काढायला लावले होते ना, ते परत घाला. तुमच्या हातात तीनच बरे."

सर कळफलकापाशी बसले. मान ताठ, नजर छताकडे.

"खाली बघितलंत तरी चालेल," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी खाली बघितलं. अट दुरुस्त केली, वर्ष घातलं, पुन्हा पुन्हा तपासलं. प्रोग्रामने यावेळी दोनच नावं दाखवली आणि तिथेच थांबला. सरांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी स्वतःहून विचारलं, "उद्याचे परीक्षक फार कडक आहेत का?"

"फार," मॅडम म्हणाल्या. "विद्यापीठातले आहेत. नाव सेल्वनायगम. मागच्या वर्षी निम्मा वर्ग नापास केला होता."

सरांनी हात कळफलकावरून मागे घेतला. "काही विचारतील?"

"आत्ताच फोन आला होता त्यांचा," मॅडम म्हणाल्या. "त्यांनीही लहानपणी तुमच्याकडेच टायपिंग केलंय म्हणे. कालचा निरोप त्यांनाही गेलाय. आज सकाळी चिदंबरमहून निघणं शक्य नव्हतं, म्हणून फार बेचैन होते. म्हणाले, उद्या नाहीतरी येतोयच, तेव्हा समक्ष कारण सांगेन. फक्त एक विचारून ठेवा म्हणाले."

"काय?"

"त्यांचे वडील वारलेत. थोरल्या भावाला आणलं तर चालेल का?"

सरांनी चष्मा नाकावर नीट बसवला. क्षणभर गंभीरपणे विचार केला.

"चालेल," ते म्हणाले. "पण वेळेवर या म्हणावं."